कोलमचं कुर

१२ जानेवारी, रविवार

उशीर झाला लिहायला. वही दिवाळीला घरात आली आणि मी उघडतोय संक्रांत तोंडावर आल्यावर. माफी असावी. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग थंडी, मग पेन सापडेना. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच, पुढं मेंढरांमागं फिरलो. वाचता येतं. लिहिताना जोडाक्षर आलं की हात थांबतो.

वही धनश्रीनं आणायला लावली. धनश्री म्हणजे नात, माझ्या पोराची, रामेश्वरची थोरली. बीडला नर्सिंग केलं, तिथंच क्लास करून इंग्रजीची परीक्षा दिली, आणि दोन वर्षं झाली, आयर्लंडला आहे. गावात सगळे इंग्लंड म्हणतात. मी सांगून थकलो. तिथं समुद्राच्या काठाला एक घर आहे, म्हाताऱ्या माणसांना ठेवायचं. तिथली ही नर्स.

"आबा, तुमी दिवसभर काळजी करता अन् मम्मीचं डोकं खाता," असं फोनवर म्हणाली होती. "त्यापरीस कागदाला सांगा. कागद कटाळत न्हाई."

तर सांगतो.

फोन दर रविवारी चारला येतो. आज सव्वाचार झाले तरी नाही. मी मनिषाचा मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीजवळ उभा. आमच्याकडं रेंज तिथंच येते. मनिषा म्हणजे सून. ती म्हणाली, "मामा, बसा की खाली. फोन काय तुमाला बघून येणार हाय का?" बसवत नव्हतं. बर्फ, गाडी, निसरडा रस्ता — काय काय डोक्यात येतं.

आला. व्हिडिओचा. धनश्रीच्या शेजारी खुर्चीत एक म्हातारा, गुडघ्यावर चौकड्यांची चादर. माझ्याच वयाचा, वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं. नाव कोलम. आमच्यासारखाच मेंढरांचा माणूस, जन्म डोंगरात गेला. तरुणपणी इंग्रजी शिकला होता, पण आता विसरायच्या आजारानं ते पुसलं. आईची भाषा तेवढी उरली. तिला आयरिश म्हणतात. तिथल्या नर्सांना ती येत नाही. नोरा म्हणून एक बाई स्वयंपाकाला आहे, तिला येते, पण ती रोज नसते. नोरा नसली की याला कुणाचं कळत नाही, आणि कळलं नाही की हा जेवत नाही. तोंड मिटून बसतो.

"आबा, त्यांना मेंढरं दाखवा," धनश्री म्हणाली.

मी मोबाईल मेंढरं कोंडायच्या जाळीकडं फिरवला. थोडीच राहिलीत आता. कोलम खुर्चीत पुढं सरकला. लांबलचक काहीतरी बोलला. मी म्हणालो, "दख्खनी हायेत. काळी." तो परत बोलला. मी म्हणालो, "व्हय, केस जाड असतात." असं बराच वेळ चाललं. मग त्यानं खिडकीकडं बोट केलं आणि म्हणाला — कुर बॉश्ती.

"पाऊस पडतोय म्हणतात," धनश्री म्हणाली. "पण आबा, यांच्यात पाऊस पडत न्हाई, कुर करतो. अन् हे दिवसभर कुरच म्हणतात. चादरीला कुर, बटाट्याला कुर. मी डिक्शनरीत बघितलं, एका कुरला इंग्रजीत पान भरून अर्थ. सकाळी एक लागू होतो तर दुपारी दुसराच."

फोन ठेवल्यावर तिचा मेसेज आला. कोलम आजोबांनी वाटीभर सूप घेतलं, तुमच्यामुळं.

१३ जानेवारी

कुर. कधी किर असं ऐकू येतं. सकाळपासून तोंडात बसलंय. मेंढरांना पाणी पाजताना म्हणून बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

१९ जानेवारी, रविवार

फोन वेळेवर. आज नोरा होती. जाड, हसरी बाई, हाताला पीठ.

कोलमनं मला त्याची मेंढरं दाखवली, फोटोत. तोंडं काळी, अंग पांढरं, पाठीवर निळा ठप्पा. आम्ही गेरू लावायचो, ते निळं लावतात. कळप कुणाचा हे लांबून कळायला तिकडंही रंगच लागतो. मला लई बरं वाटलं. का ते माहीत नाही.

मग तो हातानं दाखवू लागला. वाकून मातीत काहीतरी घातल्यासारखं केलं. कुर म्हणाला. नोरा म्हणाली बटाटे लावणं, पेरणं. थोड्या वेळानं परत तोच शब्द, पण आता हात छातीवर. नोरा धनश्रीच्या कानात बोलली. त्यानं बायकोला कुर केलं होतं. पुरलं. ते लोक पुरतात.

"एकच शब्द," धनश्री म्हणाली. "बटाट्याला अन् बायकोला. मला पहिल्या आठवड्यात काय बी कळंना आबा. मला वाटलं, बायको शेतात काम करायची असं सांगतायत."

मी विचारलं, मग ओळखायचं कसं? ती म्हणाली, "नोरा म्हणती, कुर एकटं काय नसतंच. त्याच्या मागनं काय येतंय ते बघायचं." म्हणजे कळपाच्या उलटं झालं. आम्ही पुढच्या मेंढीकडं बघतो, कळप कुठं निघाला ते कळतं. इथं शेवटच्या मेंढीकडं बघायचं.

आमच्यातही लहान लेकरू गेलं तर पुरतात, जाळत नाहीत. रामेश्वरच्या आधीचं एक होतं आमचं. चाऱ्यापायी मेंढरं घेऊन खालच्या मुलखात निघालो होतो, वाटेतच गेलं. नदीच्या अलीकडं बोरीखाली पुरलं. दुसऱ्या दिवशी तळ हलवावा लागला, मेंढरांना चारा नव्हता. पुढं दरवर्षी तिथून जाताना माझी बायको साखराबाई ओंजळभर ज्वारी त्या बोरीखाली टाकायची. पाखरांना टाकत असेल असं मी धरलं. विचारलं नाही कधी. आता विचारायला ती नाही.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

२२ जानेवारी

कडा गावाच्या नाक्यावर चहाला गेलो. कारखान्याचे ट्रॅक्टर उसानं भरून चाललेले, धूळ नुसती. सुग्रीव भेटला. हा माझ्याबरोबर मेंढरं राखलेला, आता पिठाची गिरणी बघतो आणि बाकीचा वेळ मला टोचतो.

"काय त्रिंबक, तांदूळ काय म्हणतोय तुझा?"

कोलम ही तांदळाची जात आहे, म्हणून त्यानं हे काढलंय.

"बरा हाय."

"त्याला मराठी येतंय का?"

"न्हाई."

"तुला त्याचं?"

"न्हाई."

"मग तासभर बोलता काय बे?"

"मेंढरांचं."

"मग ठीक हाय," म्हणाला. "मेंढरांना तरी कुठं मराठी येतंय."

हॉटेलातले सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र विचार आला. धनश्री म्हणते, जे नंतर शिकलेलं असतं ते आधी जातं, जे आईकडनं आलेलं ते शेवटपर्यंत राहतं. मी लिहायला लागलो लई उशिरा. म्हणजे हेच आधी जाणार. मग कागदाला कोण सांगणार?

२ फेब्रुवारी, रविवार

आज रेंजच नाही. चार वाजून गेले. टाकीपाशी नाही, गच्चीवर नाही. तिकडं एक माणूस माझ्या रेंजवर उपाशी बसलाय. मनिषा म्हणाली, "मामा, त्यांना काय उपाशी ठेवतेत व्हय, नर्सा हायेत की." तिला काय कळतं. तोंड मिटलं तर नर्स काय करणार.

रामेश्वरला उसातून बोलावलं. चिडला. "आबा, म्या पाणी सोडून आलोय." तरी मोटारसायकलवर बसवून टॉवरच्या बाजूला माळावर नेलं. लागला फोन. कोलम तसाच बसलेला, पुढं ताट तसंच. मला बघितलं आणि चमचा उचलला. धनश्रीनं सांगायची वाट पण बघितली नाही.

रामेश्वर मागं उभा होता. परतताना गाडी हळू चालवली.

आजचं कुर: प्रश्न विचारतात तोही कुर. मी धनश्रीला म्हणालो, आपण कोडं घालतो तसं असंल. पावसाचं जमत नाही, पण कुरला आपलं 'घालणं' मला जवळचं वाटतं. अंघोळ घालतो, जेवू घालतो, जन्माला घालतो.

"पण पत्र पाठवणं बी कुरच हाय. आपण पत्र कुठं घालतो?"

"घालायचो की. पेटीत."

ती लई हसली. दोन वर्षांत इतकी हसलेली ऐकली नव्हती.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तलवाड्याहून फोन. रामेश्वरनं घेतला. "व्हय, व्हय" केलं आणि ठेवला. म्हणाला, "आबा, आत्या लई शिरेस हाय. निघून या म्हणतेत."

मी खांद्यावर उपरणं टाकलं. मनिषानं चूल विझवली. कुणी विचारलं नाही कशानं शिरेस, कुठल्या दवाखान्यात. आमच्यात फोनवर मेलं म्हणून सांगत नाहीत. लांबचा माणूस वाटेत खचेल, गाडीतून पडेल, म्हणून शिरेस आहे एवढंच सांगतात. ऐकणाऱ्याला कळतं, सांगणाऱ्याला कळतं की त्याला कळलं. तरी जीपमध्ये कुणी तोंडातून काढत नाही. मनिषा तर गेवराईपाशी म्हणाली, "बघू, बऱ्या बी होतील आत्या." तिलाही माहीत होतं.

दगडाबाई माझी पाठची बहीण. अंगणात निजवली होती.

साखराबाईच्या वेळी धनश्री बीडला शिकत होती. तिलाही असंच सांगितलं, आजी शिरेस हाय, ये. पोरगी एसटीतून उतरली ती रडतच उतरली.

आज कोलमचा फोन चुकला. तिथं असताना दोनदा आठवलं. बहीण समोर असताना आठवलं.

१० फेब्रुवारी

धनश्रीचा मेसेज. नोरा होती म्हणून कोलम थोडं जेवले. हायसं झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दगडाबाईचं दहावं-तेरावं उरकलं. मन लागत नाही. उठतो, बसतो, जाळीपाशी जातो, परत येतो. मनिषा म्हणते मामांच्या पायाला भोवरा आहे.

कोलमनं आज माझ्याकडं बघत बघत विचारलं काहीतरी. धनश्री म्हणाली, "ते विचारतायत, तुमाला काय कुर करतंय." म्हणजे काय टोचतंय, काय सतावतंय. आतून काहीतरी बाहेर ढकलतंय असं नोरानं सांगितलं.

एवढ्या लांबून त्याला दिसलं. इथं घरात लोक भोवरा म्हणतात.

मी सांगितलं, बहीण गेली. धनश्रीनं इंग्रजीत सांगितलं, नोरानं आयरिशमध्ये. तीन भाषांतून दगडाबाई तिकडं पोचली. कोलमनं टोपी काढली. डोक्यावर केस नाहीत त्याच्या.

९ मार्च, रविवार

फोन नाही. फक्त मेसेज. मनिषानं वाचून दाखवला, मग मी स्वतः वाचला, परत परत वाचला.

आबा, कोलम आजोबा सिरियस आहेत. आज बोलता येणार नाही.

बस्स.

म्हणजे गेला.

धनश्रीनं चांगलं केलं. आपल्या पद्धतीनं सांगितलं. तिकडं राहून पोरगी विसरली नाही. मी मनिषाला म्हणालो, पाणी काढ अंघोळीला. ती बघतच राहिली.

"मामा, आता? कावून?"

"कोलम शिरेस हाय म्हणली ना धनश्री."

तिला कळलं. पण म्हणाली, "त्या माणसाचं सुतक आपल्याला कसं लागंल?" रामेश्वरही तेच. "आबा, ते कोण, आपण कोण. ख्रिश्चन हायेत ते." मी उठलो. गार पाण्यानं अंघोळ केली. बिरोबाच्या देवळात गेलो नाही. देवाला हात लावला नाही.

बहिणीला जाऊन महिना झाला, तेव्हा एवढं रडू आलं नव्हतं. हे बरोबर नाही. पण आलं.

१० मार्च

सुग्रीव आला. फडक्यात पिठलं-भाकरी बांधून. मी ओट्यावर बसलो होतो.

"कोण गेलं बे? गिरणीत बाया बोलत होत्या, त्रिंबकच्या घरी सुतक हाय म्हणून."

"कोलम."

तो हसेल वाटलं. हसला नाही. शेजारी बसला, फडकं सोडलं.

"घे. कडू घास हाय. दोस्ताच्या घरी पहिला घास दुसऱ्यानं द्यायचा असतोय."

"तू तर तांदूळ म्हणायचास त्याला."

"म्हणायचो की. तांदूळ काय वाईट असतोय का?" मग भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "मेंढरं किती होती त्याच्याकडं?"

सांगितलं. निळ्या रंगाचंही सांगितलं. सुग्रीव म्हणाला, निळा चांगला, लांबून दिसतोय. जेवलो.

१२ मार्च

धनश्रीला काय लिहावं सुचत नाही. ती रडत असेल. त्रास नको द्यायला. फोन केला नाही. त्याला कुर केलं असेल आता, बायकोशेजारी.

१६ मार्च, रविवार

काय लिहू.

चार वाजता सवयीनं टाकीपाशी गेलो होतो, नुसता. फोन वाजला. व्हिडिओ. धनश्री, आणि शेजारी उशीला टेकून — कोलम. नाकाला नळी. मला बघून हात वर केला.

मी मोबाईल टाकीत पाडला असता. मनिषानं मागनं धरला.

"धने, तू तर शिरेस म्हणलीस."

"व्हते की शिरेस. न्यूमोनिया झाला व्हता. आता बरे हायेत." मग तिच्या ध्यानात आलं. तिनं तोंडावर हात ठेवला. "आबा, तुमी काय समजलात?"

मी सांगितलं. अंघोळ, देऊळ, कडू घास, सगळं. ती हसायला लागली आणि रडायला लागली, दोन्ही. तिनं नोराला सांगितलं. नोरानं कोलमला. तो इतका हसला की खोकला लागला, दुसरी नर्स धावत आली. मग दम घेऊन मला म्हणाला काहीतरी, कुर होतंच त्यात.

"म्हणतात, तुमी त्यांना कुर केलंत," धनश्री म्हणाली. "पुरलंत का पेरलंत, ते नोराला बी सांगता येईना."

मी म्हणालो, त्याला सांग, सुग्रीवची भाकरी फुकट गेली.

नंतर मी धनश्रीशी नीट बोललो. म्हणालो, असं परत नको. आपल्या दोघांत ठरवू. शिरेस म्हणजे शिरेस. गेला म्हणजे गेला. कोलमचं असो, माझं असो. खरं ते खरं सांगायचं. जीव धाकधुकीत ठेवायचा नाही.

"ठरलं आबा. पण पप्पांना सांगा तुमी. ते जुन्याच चालीनं बोलतेत."

सांगतो म्हणालो.

बिरोबाला नारळ फोडला. सुग्रीव म्हणाला, "तांदूळ परत उगवला म्हण की."

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. आज पोळी खाऊन जरा आडवा झालो, आणि फोन येऊन गेला. तीनलाच! तिकडच्या लोकांनी घड्याळ एक तास पुढं केलं म्हणे. उन्हाळ्याचं करतात. घड्याळ कसं पुढं करतात? आणि मला कुणी सांगितलं नाही. धनश्री म्हणते, मेसेज केला होता. मनिषा म्हणते, तिनं मला सांगितलं होतं. मला आठवत नाही.

हे आठवत नाही ते कसलं लक्षण. ऊन फार वाढलंय, त्यानंही असेल.

रामेश्वरला शिरेसचं सांगायचं राहिलं. आज सणाचा दिवस, मरणाची गोष्ट कशी काढायची. उद्या.

६ एप्रिल, रविवार

तीनला फोन. आधी तासभर जाऊन बसलो.

कोलम बारीक झालाय पण डोळे तरतरीत. धनश्री म्हणाली, आता आठवडाभर रोज सकाळी ते तिला एकच म्हणतात — कुर दो हूरिश्का. तुमची चौकशी करतात. माणसाची खुशाली विचारणं, तेही कुर. कुणाची बातमी शोधत जाणं, असं नोरानं सांगितलं.

माझी चौकशी. रोज.

मी विचारलं, निरोप धाडणं याला काय म्हणतात? नोरानं लांबून ओरडून सांगितलं — कुर श्केला. मी म्हणून दाखवलं. कोलमनं दुरुस्त केलं. परत म्हणालो. परत दुरुस्त केलं. शाळेत मास्तरनं इतकं घोकून घेतलं नव्हतं. तो मान हलवेपर्यंत म्हणत राहिलो.

धनश्रीला विचारलं, कधी येतीस? म्हणाली, "रजा दिवाळीतच मिळंल आबा. त्याआधी एकदाच घेता येती, घरात काय झालं तरच."

१२ एप्रिल, शनिवार

बरंच झालंय, क्रमानं लिहितो. परवा सकाळी जाळीपाशी मेंढीला धरायला गेलो आणि खाली बसलो. बसलो ते उठलोच नाही. मनिषाचा आवाज ऐकू आला, लांबून, विहिरीतून बोलल्यासारखा. मग जीप. मग नगरचा दवाखाना, सलाईन. मला वाटलं हे घर कोलमचं. मी नर्सला कुर म्हणालो म्हणे. तिनं मनिषाला विचारलं, आजोबा काय मागतात?

अंगातलं मीठ कमी झालं होतं. उन्हानं होतं असं, डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसांना. दोन बाटल्या चढवल्या. काल उठून बसलो. आज दुपारी घरी आणलं. पाय हलके वाटतात, पण डोकं साफ आहे. रामेश्वर आम्हाला सोडून औषधं आणायला परत गेलाय. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. जाताना माझ्या पायावरची चादर सारखी केली. कधी करत नाही.

मनिषानं भात मऊ करून दिला. मेंढरं सुग्रीवनं सांभाळली दोन दिवस. जाळीपलीकडून म्हणाला, "काय बे, दोस्ताचं बघून तू बी?"

उद्या रविवार. तीनला तयार असलं पाहिजे.

१२ एप्रिल, दिवेलागण

मनिषाला विचारलं, धनश्रीला कळवलं होतं का. म्हणाली, व्हय, यांनी परवाच बोलून पाठवलं, दवाखान्यातनं. तिनं मोबाईलवर लावलं. रामेश्वरचा आवाज, रडवेला: "धने, आबा लई शिरेस हायेत. निघून ये."

खाली दोन निळ्या टिका. ऐकलंय तिनं.

त्याला सांगायचं राहूनच गेलं. त्याला खरंच तसं म्हणायचं होतं की जुन्या चालीनं, मला माहीत नाही. तिलाही माहीत नसणार. आमचं ठरलं होतं, पण बोलणारा बाप आहे.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मनिषानं लिहून पाठवलं, आबा घरी आलेत, भात खाल्ला. एकच टिक. विमानात असेल. ती एक रजा, ती माझ्यावर लावून पोरगी निघाली. उतरेल ती रडतच उतरेल. आणि मी ओट्यावर बसलेला. मला आनंद व्हायला नको होता. झाला.

पण निघताना तिनं कोलमला सांगितलं असेल, आबा शिरेस आहेत. तो टोपी काढून बसला असेल, ताट पुढं तसंच. नोरा उद्या असेलच असं नाही.

धने, मी आहे. उतरलीस की आधी निरोप धाड, मला नंतर, त्याला आधी. म्हणावं त्रिंबक आहे, जेव. कुर श्केला, बाई. लवकर.